रकान्यात न मावणारी मराठी

सरकारी संकेतस्थळावरील तक्त्याच्या रकान्याची रुंदी किती असावी, हा प्रश्न भाषाविषयक लेखांच्या मालिकेत यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. रुंदी ही आखणी करणाऱ्याची बाब आणि भाषा ही बोलणाऱ्याची, असे आपण धरून चालतो. परंतु आज नागरिकाचा राज्यसंस्थेशी होणारा बहुतेक व्यवहार तक्त्यांतून होतो. जमिनीचा उतारा, मतदारयादी, शिधापत्रिकेवरील कुटुंबीयांची नावे, घरपट्टीचे देयक, दाव्याची पुढील तारीख, मुलांचा निकाल या साऱ्या ठिकाणी आपली भाषा परिच्छेदात नांदत नाही. ती चौकटीत राहते. त्या चौकटीचे माप मात्र बहुधा दुसऱ्याच कुणाच्या अंगावर घेतलेले असते. दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा घालून माणूस जसा अवघडतो, तशी भाषाही तेथे अवघडते. फरक इतकाच की सदरा उसवतो, आणि भाषा कापली जाते.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. रकान्याने मजकुराला जागा करून द्यावी. मजकूर छाटण्याचा अधिकार रकान्याला नाही. ज्या दस्तऐवजावर कुणाचा हक्क अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत हा नियम लिखित असावा आणि तो मागून घेण्याची जबाबदारी आपली, म्हणजे आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे राहून मराठी लिहिणाऱ्यांची, इतरांहून अधिक आहे.

तक्ता आपल्याला नवा नाही

तक्ता, कोष्टक, रकाना, आखणी हे सारे शब्द संगणकाच्या आधीचे आहेत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण अशी पाच अंगे शेजारी शेजारी मांडणारा पंचांग हा मुळात एक मोठा तक्ताच. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून घरोघरच्या भिंतीवर महिन्याच्या चौकटी आल्या. त्यांतील एखादी चौकट जवळजवळ मोकळी असते, तर एकादशीची वा संकष्टीची चौकट गच्च भरलेली असते. तरीही चौकट लहान म्हणून कुणी एकादशी अर्धी छापत नाही. दुकानदाराची किर्द आणि खतावणी, शाळेतील हजेरीपट, तलाठ्याचे दप्तर हे सर्व हाताने आखलेले तक्तेच होते. नाव लांब निघाले तर लिहिणारा अक्षर बारीक करी, दुसरी ओळ घेई, अगदीच नडले तर समासात शिरे. हाताच्या आखणीत रकाना हा लिहिणाऱ्याचा चाकर होता.

यंत्र आले की हे नाते उलटते. सुरतेला या उलट्या नात्याचा अनुभव फार जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा येथील दलाल भीमजी पारेख याने १६७० च्या सुमारास कंपनीकडे छपाई जाणणाऱ्या माणसाची मागणी केली. आपले जुने ग्रंथ छापून निघावेत अशी त्याची इच्छा होती. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला खरा, परंतु देशी लिपीचे खिळे पाडणे त्याला साधले नाही आणि भीमजीचा मनोरथ तसाच राहिला. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या प्रारंभाविषयीच्या १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रयत्नाची नोंद घेतली आहे. त्या हकिकतीतून एवढेच घ्यावयाचे की यंत्र हाती येणे आणि ते आपल्या लिपीच्या मापाचे होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली पैशाने होते. दुसरीसाठी कुणीतरी आग्रह धरावा लागतो.

छाटणी हा अपघात नसतो

संगणकाच्या पानावरील तक्त्याची रुंदी कशी ठरते, हे थोडे समजून घेतले पाहिजे; कारण तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला पहिले उत्तर मिळते ते ‘संगणकच तसे करतो’ हे. ते उत्तर बरोबर नाही.

रकान्यांच्या मापाच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींची व्याख्या १९९८ च्या मांडणीविषयक जागतिक मानकात आलेली आहे. पहिली पद्धत मजकुराकडे पाहून ठरणारी. हिच्यात संगणक प्रत्येक चौकटीची दोन मापे घेतो: न तुटणारा सर्वांत लांब शब्द मावेल इतकी किमान रुंदी, आणि सगळा मजकूर एका ओळीत बसेल इतकी कमाल रुंदी. मग उपलब्ध जागा तो सर्व रकान्यांत या मापांच्या आधारे वाटतो. या पद्धतीत एखाद्या रकान्याला कमी रुंदी सांगितली, तरी आतील शब्द लांब असेल तर रकाना आपण होऊन रुंदावतो. दुसरी पद्धत बांधीव. हिच्यात संगणक फक्त सांगितलेली मापे आणि पहिली ओळ पाहतो. खालच्या हजार ओळींत कितीही लांब नावे असोत, त्यांची दखल घेत नाही. तक्ता पटकन उमटतो, हा या पद्धतीचा लाभ. उंचीच्या बाबतीत मानक आणखी उदार आहे. चौकटीला सांगितलेली उंची ही किमान उंची समजली जाते. मजकूर वाढला की ओळ खाली वाढते.

म्हणजे मूळ व्यवस्था मजकुराच्या बाजूची आहे. ओळीच्या शेवटी मजकूर कापून तीन टिंबे दाखवावयाची असतील, तर आखणी करणाऱ्याला मुद्दाम काही आज्ञा द्याव्या लागतात: रुंदी याहून वाढू नये, मजकूर दुसऱ्या ओळीत जाऊ नये, बाहेर उरलेला भाग लपवावा, आणि लपवलेल्या भागाच्या जागी टिंबे द्यावीत. या आज्ञा एकत्र दिल्याशिवाय टिंबे उमटत नाहीत. कायद्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे कृती आहे आणि कर्ताही आहे. दैवी आपत्तीचा बचाव टिकणारा नाही. आज्ञा देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नमुना असतो, ‘नेम’, ‘स्टेटस’, ‘रिमार्क’ असे आखूड मथळे असतात, आणि सगळ्या ओळी एकसारख्या दिसाव्यात एवढीच त्याची अपेक्षा असते. ती अपेक्षा मराठीला कोठे इजा करते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मराठीला इजा कोठे होते

इजा तीन ठिकाणी होते: उंचीत, रुंदीत आणि शेवटात.

उंचीचा मुद्दा डोळ्यांना दिसणारा आहे. देवनागरी अक्षर तीन मजली असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मध्ये अक्षराचे अंग. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचा दुसरा अर्धा. रोमन अक्षराच्या उंचीवर ओळींतील अंतर घट्ट बांधून वरचा-खालचा भाग लपवला, की तळमजला किंवा माडी जाते. ‘सुतार’ यांचा उकार गेला की उरते ‘सतार’. ‘शिंदे’ यांचा अनुस्वार गेला की ‘शिदे’. ‘मोरे’ यांच्या मात्रा गेल्या की केवळ ‘मार’. येथे हसू येईल, परंतु वारसाच्या दाखल्यात ‘काळे’ आणि उताऱ्यात ‘काळ’ दिसले, तर त्या दोन व्यक्ती एकच आहेत हे शपथपत्र करून सिद्ध करावे लागते, आणि त्याचा खर्च आखणी करणारा देत नाही.

रुंदीचा मुद्दा व्याकरणाचा आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीत जे तीन-चार सुटे शब्द होतील, ते मराठीत ‘महानगरपालिकेकडूनसुद्धा’ असा एक अखंड शब्द होतात. अशा शब्दाला बांधीव रकान्यात दोनच वाटा उरतात. एक, शेजारच्या रकान्यावर सांडणे. दोन, वाटेल तेथे तुटणे. वाटेल तेथे तुटताना जोडाक्षरेही तुटत. अक्षरसमूह कोठे संपतो याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियम हलन्त चिन्हापाशीच थांबत असे. देवनागरी, गुजराती इत्यादी लिप्यांतील जोडाक्षर अखंड धरावे अशी भर त्यात २०२३ च्या १५.१ व्या आवृत्तीत पडली. देवनागरी युनिकोडमध्ये आली ती १९९१ मध्ये, पहिल्याच आवृत्तीत. म्हणजे जोडाक्षर हे एकच अक्षर आहे ही पहिलीच्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट त्या नियमात लिहिली जाण्यास बत्तीस वर्षे लागली. आता नियम आला आहे. जुन्या यंत्रणांत तो पोहोचला की नाही, हे विचारणे आपले काम.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मराठीत अर्थ शेवटी येतो. क्रियापद वाक्याच्या अंती, नकार क्रियापदाच्याही अंती, आणि कोणी कोणास दिले हे सांगणारा प्रत्यय शब्दाच्या अंती. छाटणी नेमकी शेवटाची होते. एखाद्या रकान्यात मूळ नोंद अशी आहे असे समजा: ‘वारसांचा हक्क मान्य करण्यात आलेला नाही’. रकाना अपुरा पडला आणि पडद्यावर उरले: ‘वारसांचा हक्क मान्य करण्यात आले…’. वाचणारा घरी जाऊन पेढे वाटेल. ‘बोजा कमी करण्यात यावा हा अर्ज नामंजूर’ ही नोंद ‘बोजा कमी करण्यात यावा…’ अशी उरली, तर अर्जाच्या ठिकाणी आदेश दिसू लागतो. ‘पाटील यांच्याकडून’ आणि ‘पाटील यांच्याकडे’ ही दोन्ही पदे ‘पाटील यांच्याक…’ अशी एकच होतात. घेणारा कोण आणि देणारा कोण, हा साऱ्या दिवाणी दाव्यांचा मूळ प्रश्न टिंबांत बुडतो. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा क्रियापदाच्या आधी येतो. म्हणून तेथे शेपूट कापली तर तपशील जातो, निर्णय बहुधा शाबूत राहतो. एकच कात्री दोन भाषांवर चालवली तरी जखम सारखी होत नाही. समान वागणूक आणि समान परिणाम यांतील हा भेद घटनेच्या अनुच्छेद १४ चा अभ्यास करणाऱ्या कुणालाही परिचित आहे.

सुरतेतून पाहताना

तापीच्या काठाने खानदेशातून आलेले मराठी भाषक उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा येथे आहेत. या समाजाचे अर्धे कागद गुजरातचे आणि अर्धे महाराष्ट्राचे असतात. घरपट्टी सुरतेची, तर वडिलोपार्जित शेताचा सातबारा धुळे, जळगाव वा नंदुरबारचा. दोन्ही राज्यांचा सातबारा एकाच मुंबई राज्याच्या दप्तरातून आलेला आहे. १ मे १९६० रोजी राज्ये दोन झाली, नमुन्याचे क्रमांक मात्र दोन्हीकडे तेच राहिले. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोन तक्त्यांची जोडी म्हणजे सातबारा. आपल्या शेतकऱ्याने जमिनीच्या हक्काला नाव दिले तेच मुळी दोन तक्त्यांच्या क्रमांकांचे.

एकाच माणसाचे नाव या दोन राज्यांत दोन क्रमांनी लिहिले जाते. महाराष्ट्रात आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे वा पतीचे, शेवटी आडनाव. गुजरातेत अनेकदा आडनाव आधी, आणि नावाला ‘भाई’ वा ‘बेन’ जोडलेले. दोन्ही राज्यांच्या तक्त्यांत रकाना अपुरा पडला, तर महाराष्ट्राच्या कागदातून आडनाव गळते आणि गुजरातच्या कागदातून वडिलांचे नाव. दोन अपुऱ्या नावांची गाठ घालून एक माणूस सिद्ध करणे हे सुरतेतील वकिलाचे नित्याचे काम आहे.

याचे कायदेशीर गांभीर्य लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. गुजरातेत लागू असलेल्या १८७९ च्या संहितेत हेच तत्त्व कलम १३५-ञ मध्ये आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील वाचकांसाठी कर्नाटकच्या १९६४ च्या अधिनियमाचे कलम १३३ तेच सांगते. तिन्ही राज्ये नोंदीला खरेपणाची ढाल देतात. मग ती नोंद पूर्ण दाखवण्याचे कर्तव्यही त्यांच्यावरच येते. अर्ध्या नोंदीला पुऱ्या नोंदीची प्रतिष्ठा मिळता कामा नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करण्याची अट घालताना सांगते की तो मूळ स्वरूपात असावा, किंवा मूळ माहिती अचूक दर्शवतो असे दाखवता येईल अशा स्वरूपात असावा. कलम जतनाविषयी आहे, तरी त्यामागील तत्त्व दाखवण्यालाही लागू पडावे. दप्तरात पूर्ण वाक्य आहे आणि नागरिकाला तीन टिंबे दिसतात, तेव्हा अचूक दर्शन झाले असे म्हणवत नाही.

चौकटीची आखणी म्हणजे हक्काची आखणी, हे शासनाला कळत नाही असेही नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात जे बदल केले, त्यांत खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आणला, दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ दिली, आणि मयत खातेदार वा फिटलेला बोजा कंसात ठेवण्याऐवजी त्यावर आडवी रेघ मारून दाखवण्याची रीत घातली. नावे एकमेकांत मिसळत होती म्हणून रेघ आली. हा चौकटीच्या भाषेतील सुधार होता आणि तो स्वागतार्ह आहे. हीच दृष्टी प्रत्येक कार्यालयाच्या प्रत्येक तक्त्यापर्यंत जावी, एवढेच मागणे आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

पहिला आक्षेप सोयीचा. रकाने मजकुरानुसार वाढू दिले तर तक्ता बेढब होईल आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मावणार नाही. यात तथ्य आहे. पण त्याला छाटणीखेरीज उपाय आहेत. अरुंद पडद्यावर तक्ता आडवा सरकवता येतो, किंवा प्रत्येक ओळीचे स्वतंत्र टिपण करून रकाने एकाखाली एक मांडता येतात. आडवा सरकणारा तक्ता कागदावर छापला की पडद्याबाहेरचा भाग अनेकदा कागदावर येतच नाही. म्हणून छपाईची आखणी वेगळी करावी लागते. कचेरीत आणि न्यायालयात अखेर कागदच मागितला जातो, हे आखणी करणाऱ्याने विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की बोट ठेवले किंवा दाबले की पूर्ण मजकूर दिसतो. ज्याला ते ठाऊक आहे त्याला दिसतो. छापील प्रतीवर बोट ठेवून काही दिसत नाही.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: हे दुखणे एकट्या मराठीचे नाही. मान्य आहे. गुजरातीलाही उकार आणि अनुस्वार आहेत, तिचेही क्रियापद शेवटी येते, ‘नथी’ हा शब्दही वाक्याच्या शेपटीलाच असतो. कन्नडचीही वाक्यरचना अशीच आहे, आणि तिची जोडाक्षरे तर खाली उतरतात. म्हणूनच मी हा प्रश्न शेजाऱ्याविरुद्धची तक्रार म्हणून मांडत नाही. सुरतेतील मराठी माणूस रुंद रकाना मागतो तेव्हा तो गुजराती शेजाऱ्यासाठीही मागत असतो. मात्र अल्पसंख्य भाषकाची अडचण दुहेरी आहे, हे नोंदवले पाहिजे. राज्याच्या भाषेचा मजकूर कापला गेला तर चारचौघांच्या नजरेस येतो आणि दुरुस्त होतो. अल्पसंख्य भाषेतील भाषांतर त्याच साच्यात ओतले जाते, आणि ते तपासून पाहणारा त्या कार्यालयात कुणी नसतो. भाषांतर दिले याची नोंद होते. ते वाचता येते का, याची होत नाही.

न दिसणारा रकाना

पडद्यावरच्या रकान्यामागे आणखी एक रकाना असतो: साठवणुकीचा. तेथील माप अधिक निष्ठुर आहे. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘शिंदे’ या दोनच अक्षरांच्या आडनावात श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. एखाद्या नावासाठी पन्नास बाइटांची जागा राखली, तर रोमन लिपीत पन्नास अक्षरे मावतात. मराठीत सोळा चिन्हे, म्हणजे जेमतेम स्वतःचे आणि वडिलांचे नाव. मोबाइलच्या संदेशातही हेच घडते. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते. म्हणून कार्यालये खर्च वाचवण्यासाठी मराठी संदेश आखूड करतात किंवा रोमन लिपीत पाठवतात. पडद्यावर कापलेला मजकूर रकाना रुंद केला की परत दिसतो. साठवतानाच कापलेला मजकूर कायमचा गेलेला असतो. नागरिकाला मात्र दोन्ही सारखेच दिसतात, आणि म्हणून कोणते घडले आहे हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

काय मागावे

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरलेखन प्रमाण केले. अक्षर प्रमाण झाले, परंतु ते ज्या चौकटीत बसवावयाचे ती मोकळीच राहिली. तिच्यासाठी माझ्या मते पुढील नियम पुरेसे आहेत.

पहिला: रुंदी पडद्याच्या बिंदूंत बांधू नये, ती अक्षराच्या आकाराच्या पटीत द्यावी, म्हणजे अक्षर मोठे केले की रकानाही मोठा होईल. रोमन शून्याच्या रुंदीवर मोजले जाणारे एक माप प्रचलित आहे. भारतीय लिप्यांसाठी ते वापरू नये.

दुसरा: चौकटीची उंची कधीही बांधू नये. ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपट केले तरी मजकूर हरवता कामा नये, असे २०१८ च्या जागतिक सुगम्यता निकषांत म्हटले आहे, आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती त्या निकषांना धरून आहे. देवनागरीसाठी दीडपट अंतर हीच सुरुवात समजावी.

तिसरा: नाव, हक्क, बोजा, आदेश आणि कारण या रकान्यांत टिंबे वर्ज्य.

चौथा: ज्या चौकटीत मराठी आहे तिच्या संकेतलेखनात भाषा ‘मराठी’ अशी नमूद असावी. गुजराती, कन्नड वा इंग्रजी पानातील मराठी चौकट अनामिक राहिली, तर संगणक तिला पानाच्याच भाषेची समजतो. शब्द कोठे तोडावा आणि ल, श यांची मराठी वळणे दाखवावी की नाही, हे त्यावरून ठरते.

पाचवा: चाचणी सर्वांत लांब नावावर आणि सर्वांत लांब आदेशावर घ्यावी, आणि ती छापून पाहावी. ‘राम’ आणि ‘सीता’ प्रत्येक रकान्यात मावतात. त्यांच्यावर घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

सहावा: साठवणुकीची मर्यादा बाइटांत न मोजता अक्षरांत मोजावी.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही.

आता वाचकांनी काय करावे, ते सांगतो. कापलेली नोंद दिसली तर पडद्याचे चित्र आणि छापील प्रत दोन्ही जपावीत, त्यावर दिनांक लिहावा. त्या कार्यालयाकडे प्रमाणित प्रतीचा अर्ज करावा. पूर्ण नोंद तेथे असेल तर मिळेल, आणि नसेल तर साठवणुकीचा दोष उघड होईल. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दोनच प्रश्न विचारावेत: या रकान्यासाठी राखलेली कमाल अक्षरसंख्या किती, आणि भारतीय लिप्यांतील मजकुरावर चाचणी घेतल्याचा अभिलेख आहे काय. याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करण्यास सांगितलेले आहे. घटनेचा अनुच्छेद ३५० प्रत्येकाला संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. त्या हक्काने अर्ज मराठीत करावा. आणि अनुच्छेद ३५०-ख खालील भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे त्याची प्रत धाडावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. तो निर्णय दिव्यांग आणि वंचित नागरिकांच्या संदर्भातील आहे. परंतु पानापर्यंत पोहोचूनही ज्याला वाक्याचे क्रियापद दिसत नाही, त्याचा प्रवेश पूर्ण झाला असे म्हणणे कठीण आहे.

भाषेच्या हक्काची लढाई आपण शाळा, फलक आणि परिपत्रक या तीन ठिकाणी लढत आलो. यापुढे तिच्यात चौथे ठिकाण मोजावे लागेल. फलकावर मराठी आली की नाही हे रस्त्यावरून दिसते. रकान्यात ती पुरती आली की नाही हे कागद हातात घेऊन, शेवटचा शब्द वाचूनच कळते. तेव्हा पुढच्या वेळी उतारा हाती येईल, तेव्हा आपले नाव पाहून समाधान मानू नये. प्रत्येक चौकटीतील वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे, आणि जेथे क्रियापदाऐवजी टिंबे असतील तेथे लाल शाईने खूण करून तो कागद अर्जासोबत परत पाठवावा.